मागच्या दाराने

कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये गेले की मी आधी त्याच्या मागच्या बाजूला जाते. बरोबरची माणसं टेबल धरून बसतात आणि मी इमारतीला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी पोचते. तिथे भाजीचे क्रेट रचलेले असतात, गॅसच्या टाक्या साखळीने बांधलेल्या असतात, ओल्या फडक्यांचा वास असतो. एक्झॉस्टच्या तोंडाखाली भिंतीवर तेलकट काळा ओघळ उतरलेला असतो. पालथ्या क्रेटवर बसून कुणीतरी पाच मिनिटं दम खात असतं. पुढे दगड, लाकूड, वेली, वाहत्या पाण्याचा आवाज असं कितीही देखणं मांडलेलं असो, ती इमारत आपल्या जागेशी कशी वागते ते मला या मागच्या अंगणात कळतं.

ही सवय मला एका झाडाने लावली.

वास्तुकार म्हणून मी नुकतीच स्वतंत्र कामं घ्यायला लागले होते. उताराची जागा, खाली ओढा आणि बरोबर मधोमध एक जुनं डेरेदार झाड. निसर्गाशी एकरूप होणारं रेस्टॉरंट करायचं, झाडाला हात लावायचा नाही, हे पहिल्या भेटीतच ठरलं. मी सगळा आराखडाच त्या झाडाभोवती गुंफला. भराव घालून जोतं उचललं, खोडाभोवती लाकडी फळ्यांचा चौथरा केला, छपराला गोल मोकळीक ठेवून खोड तिच्यातून वर जाऊ दिलं. उद्घाटनाला आलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या खोडावर हात ठेवून गेला. मलाही फार समाधान वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागल्या. चौथ्या वर्षी पालवी फुटलीच नाही.

झाड उतरवायला आलेल्या म्हाताऱ्या माळीकाकांनी चौथऱ्याची एक फळी उचकटली आणि खालच्या मातीत पहार मारून पाहिली. पहार आत जाईना.

"बाई, हे तुमचं काम चालू होतं तेव्हाच गेलं होतं," ते म्हणाले. "साठवलेलं होतं ते खात इतके दिवस उभं राहिलं, एवढंच."

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरभर थरातच पसरलेली असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. झाड वाचवायचं तर खोडाच्या व्यासाच्या निदान बारा पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं सोडावं, असा वृक्षतज्ज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. खोड अर्धा मीटर जाड असेल तर सहा मीटर. मी दोन सोडले होते. उरलेल्या जमिनीवर मातीचा भराव पडला, त्यावरून मिक्सर फिरला, विटांचे ढीग लागले, आणि मातीच्या कणांमधली श्वासाची जागा दाबून दाबून नाहीशी झाली. आराखड्यात मी झाड म्हणून एक वर्तुळ काढलं होतं. जमिनीखाली त्याच्याहून कितीतरी मोठं वर्तुळ होतं, ते मी काढलंच नव्हतं.

तेव्हापासून 'एकरूप' हा शब्द मी फार जपून वापरते.

हा शब्द आमच्या व्यवसायात बहुतेक वेळा डोळ्यांपुरताच असतो. भिंतीला आसपासच्या खडकाच्या रंगाचा दगड लावला की इमारत एकरूप झाली; तो दगड शेकडो किलोमीटरवरून ट्रकने आला असला तरी. छपरावर गवत वाढवलं की एकरूप झाली. गवताचं छप्पर मला मनापासून आवडतं, पण त्याचा हिशोब मांडल्याशिवाय नाही. पातळ थराचं छप्परसुद्धा पाणी प्यायल्यावर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन टाकतं. ते पेलायला स्लॅब जाड लागतो, सिमेंट वाढतं, सळ्या वाढतात, आणि माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. जिथे पाऊस स्वतःच गवत जगवतो तिथे हा सौदा परवडतो. जिथे वर्षातले आठ महिने पाइपने पाणी द्यावं लागतं, तिथे हलकं, उताराचं, पागोळ्यांचं पाणी साठवून देणारं साधं छप्पर त्या जमिनीच्या जास्त जवळचं असतं, मग ते दुरून दिसलं तरी चालेल.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, पोर्तो शहराजवळच्या लेसा द पाल्मेइरा इथे बोआ नोव्हा नावाचं टी हाउस आहे. १९५६ साली त्याच्यासाठी स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या फर्नांदो तावोरा यांनी समुद्रात घुसलेल्या खडकांवरची जागा निवडली आणि काम आपल्याकडच्या एका तरुणाला देऊन टाकलं. तो तरुण म्हणजे आल्व्हारो सिझा. १९६३ साली इमारत पुरी झाली, २०११ साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि २०१४ पासून तिथे रेस्टॉरंट चालतं. तिचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मी इतक्या वेळा उतरवून काढला आहे की डोळे मिटले तरी मला तो दिसतो.

गाडी वाहनतळावर सोडायची आणि पांढऱ्या भिंती, पायऱ्या, चौथरे यांच्या वाटेने चढत जायचं. चढताना समुद्र मध्येच दिसतो, मध्येच भिंतीआड जातो. दाराशी छप्पर इतकं खाली आलेलं की वाकून आत जावंसं वाटावं, आणि दोन्ही बाजूंना मोठाले खडक. त्यांना कुणी हलवलेलं नाही. इमारतच अंग चोरून त्यांच्यामधून गेली आहे. आत गेल्यावर जमीन खाली उतरते आणि पुन्हा समुद्र समोर येतो. जेवणाच्या दालनातल्या काचा खाली सरकून जमिनीत नाहीशा होतात, मग खोली आणि खडक यांच्यात वळचणीशिवाय काही उरत नाही. हे सगळं छायाचित्रांत भरपूर आलेलं आहे. माझी नजर अडकते ती छेदाच्या दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघर, कोठारं, कामगारांच्या खोल्या मागच्या बाजूला, खडकात अर्ध्या रुतवलेल्या. बाहेरून त्यांची खूण म्हणजे एक अरुंद खिडकी आणि रंगीत टाइल्स लावलेली, गलबताच्या डोलकाठीसारखी उभी असलेली चिमणी.

ती चिमणी मला फार मोलाची वाटते. इथे चूल आहे, इथे धूर होतो, हे लपवण्याचा प्रयत्न सिझांनी केलेला नाही. तो धूर पाहुण्यांच्या डोक्यावरून, वाऱ्याच्या हिशोबाने वर नेला आहे. अरुंद खिडकीपाशी मात्र मी थबकते. भांडी घासणाऱ्याला त्यातून समुद्र किती दिसत असेल?

रेस्टॉरंट ही इमारत घरापेक्षा किंवा ऑफिसपेक्षा फार वेगळी असते, आणि तिच्या निसर्गप्रेमाबद्दल बोलताना हे हमखास विसरलं जातं. क्षेत्रफळामागे ती इतर व्यापारी इमारतींच्या साधारण पाच ते सात पट ऊर्जा खाते. जेवणाच्या दालनात वारा खेळता ठेवला, दिवे कमी केले, तरी तो आकडा फारसा हलत नाही, कारण खरी भूक स्वयंपाकघराची असते. त्यातही विस्तवाइतकाच वाटा हवेचा असतो. हूडखालून, म्हणजे शेगडीवरच्या धुराड्याखालून, जेवढी हवा बाहेर फेकली जाते तेवढीच कुठून तरी आत यावी लागते, आणि हवामान कडक असेल तर ती आधी थंड किंवा गरम करावी लागते. म्हणजे आपण पैसे आणि वीज खर्चून हवा तयार करतो आणि काही सेकंदांत ती धुराबरोबर छपरावरून उडवून देतो.

यावरचे उपाय अजिबात देखणे नाहीत, म्हणून त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. हूडच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे साधे पडदे लावले की धूर कडेने निसटत नाही आणि पंखा कमी वेगाने चालवता येतो. सगळ्यात जास्त धूर करणारी शेगडी हूडच्या टोकाला न ठेवता मध्यावर ठेवायची. शेगड्या थंड असतील तेव्हा पंखा आपोआप मंदावेल अशी सोय करायची. गॅसच्या ज्योतीची निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला न लागता खोलीत पसरते. इंडक्शनवर तसं होत नाही, त्यामुळे इंधनाबरोबर खोलीतली काहिलीही कमी होते. यातली एकही गोष्ट छायाचित्रात येत नाही. पण त्यांनी डोंगरउतारावरच्या एखाद्या रेस्टॉरंटचा भार जेवढा हलका होईल तेवढा दर्शनी भिंतीच्या वेलींनी होणार नाही.

आणि पाणी. भांड्यांच्या सिंकमधून जाणारं पाणी कोमट असतं, साबणाचं असतं, आणि त्यात तेल विरघळल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते विरघळलेलं नसतं. पुढे पाणी निवलं की ते थिजतं. शहरात ते गटाराच्या नळात दगडासारखं साचतं, तर मोकळ्या जमिनीत शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रं बुजवतं. माती पाणी प्यायची थांबते, आणि ते पाणी मग उतार शोधत जवळच्या ओढ्याकडे निघतं. माझ्या पहिल्या कामात मी ओढ्याकडे तोंड करून सोळा टेबलं मांडली होती. सिंकचं पाणी कुठे जातं ते प्लंबर बघेल असं मला वाटलं होतं.

जमिनीकडून घेताना तिच्या कलाने घेणारी माणसं आहेत. सेझार मानरिके हा चित्रकार लान्झारोते या स्पेनच्या ज्वालामुखीच्या बेटावर जन्मला आणि तिथेच परतून त्याने बेटाला वळण लावलं. तिमानफाया भागात १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं लाव्हा वाहत होता, आणि जमिनीखाली काही मीटरांवर तिथे अजून शेकडो अंशांची धग आहे. मानरिकेने १९७० साली तिथे एल दियाब्लो नावाचं गोल, काचेचं, बुटकं रेस्टॉरंट उभारलं. त्याची शेगडी म्हणजे जमिनीतल्या विवरावर टाकलेली जाळी. स्वयंपाकाला लागणारी आच थेट बेटाच्या पोटातून येते. त्याच बेटावर हामेओस देल आग्वा इथे त्याने लाव्हाच्या बोगद्याचं छप्पर जिथे कोसळलं होतं त्या खळग्यात माणसांना बसायला जागा केली. बोगद्यातल्या खाऱ्या तळ्यात पांढरे, आंधळे, नखभर खेकडे राहतात. पाण्यात नाणी टाकू नयेत असं तिथे पाहुण्यांना बजावलं जातं, कारण धातू गंजून ते पाणी खेकड्यांना बाधतं. चांगल्या जागेची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही: तिथे पाहुण्याच्या खिशातल्या नाण्यापर्यंत विचार पोचलेला असतो.

जपानमधल्या उबे शहरात एका जुन्या शेफ मित्रासाठी जुनी वाटेल अशी वास्तू करणं हे जून्या इशिगामी या वास्तुकाराच्या वाट्याला आलं. फ्रेंच स्वयंपाक करणाऱ्या त्या शेफला काळाबरोबर जड होत जाणारी, तळघरासारखी जागा हवी होती. इशिगामींनी जमिनीत खड्डे खणवले, त्यांत काँक्रीट ओतलं, आणि ते घट्ट झाल्यावर मधली माती उपसून काढली. उरली ती गुहा. काँक्रीटला चिकटलेली माती धुऊन टाकायची असं आधी ठरलेलं होतं. पण उपसल्यावर दिसलेला तो रंग पाहून त्यांनी बेत बदलला आणि माती तशीच राहू दिली. २०२२ साली ती वास्तू पुरी झाली. तिच्यात काँक्रीट पुष्कळ आहे, आणि वर सिमेंटबद्दल लिहिलेलं मी विसरलेले नाही. तरी साच्याचं काम मातीकडूनच करून घेण्याची ती कल्पना मला हलवून जाते. तिच्याशेजारी मी नेहमी मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोचं लोस मानान्तियालेस हे रेस्टॉरंट ठेवते. फेलिक्स कांदेला यांनी १९५८ साली तिथल्या कालव्यांच्या काठी, मऊ गाळाच्या जमिनीवर, फुलासारखं उमललेलं काँक्रीटचं छप्पर टाकलं, जेमतेम ४ सेंटीमीटर जाडीचं. अशा जमिनीवर वजन जितकं कमी तितकं बरं, आणि त्यांनी ताकद जाडीत शोधली नाही, वळणात शोधली.

नॉर्वेच्या दक्षिण टोकाला, लिंदेसनेस इथे २०१९ साली सुरू झालेल्या 'उंडर' या रेस्टॉरंटबद्दल माझं मन अजून पुरतं ठरत नाही. स्नोहेत्ता या वास्तुरचना संस्थेने केलेली ३४ मीटर लांबीची काँक्रीटची नळी, किनाऱ्याच्या खडकावरून कलंडत समुद्रात गेलेली. तिचं खालचं टोक सुमारे पाच मीटर खोल तळावर टेकलेलं, आणि तिथे अकरा मीटर रुंदीची काच. बाहेरचं काँक्रीट मुद्दाम खरबरीत ठेवलं आहे, शिंपल्यांना धरायला सोपं जावं म्हणून, म्हणजे काही वर्षांनी ते एक कृत्रिम प्रवाळखडकासारखं घर होईल. समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही तिथे जागा दिली आहे. इथवर सगळं मला पटतं. मग मनात येतं, त्या चाळीस खुर्च्यांवर बसायला लोक किती दुरून, कशाने येत असतील? निसर्गरम्य जागेतल्या प्रत्येक रेस्टॉरंटला हा प्रश्न लागू आहे, माझ्या कामांनाही. इमारत हलकी झाली तरी तिच्यापर्यंतचा रस्ता जड राहतो. वाहनतळ लहान ठेवा, तो मुरमाचा ठेवा, शेवटचा टप्पा चालत येऊ द्या, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

झाडाच्या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक उताराची जागा माझ्याकडे आली. या वेळी मी कागदावर पहिली रेघ स्वयंपाकघराची ओढली. वारा कुठून येतो, धूर कुठे जाईल, सिंकचं पाणी कोणत्या अंगाने उतरेल, हे ठरल्यावर मग टेबलं. इमारत कंटूरच्या, म्हणजे समान उंचीच्या, रेषेत लांब आणि अरुंद ठेवली, म्हणजे डोंगर कापावा लागला नाही आणि भरावही पडला नाही. खांबांपुरते खड्डे हाताने खणले. वरची वीतभर माती आधीच सोलून बाजूला झाकून ठेवली होती, ती काम संपल्यावर परत अंथरली. सामान आणायला एकच वाट आखली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोर बांधले. दोराबाहेर ढकलगाडीसुद्धा जायची नाही. दोराबाहेरची चार झाडं आज जिवंत आहेत. मी दर पावसाळ्यानंतर ती मोजते.

पाण्यासाठी आधी ग्रीस ट्रॅप. त्यात पाणी मुद्दाम रेंगाळतं, निवतं, तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी तेवढं पुढे जातं. पुढे खडी भरलेले दोन उथळ हौद, त्यांत बोरू आणि कर्दळ. मुळांभोवतीचे जिवाणू उरलेली घाण खातात. शेवटी एक लहानसं तळं, त्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे. दिवे सगळे झाकलेले, जमिनीकडे तोंड केलेले आणि पिवळसर.

मालकांशी माझा एकदाच खटका उडाला. भांडी घासायच्या सिंकसमोर मी मोठी खिडकी काढली होती, थेट त्या तळ्यावर उघडणारी. त्या भिंतीला टेबलं लावली तर चार जास्त बसली असती, आणि दृश्यही तिथूनच सगळ्यात चांगलं होतं. "भांडी घासायला दृश्य कशाला?" त्यांनी विचारलं. त्यांचा स्वर दुष्ट नव्हता, त्यांना खरोखरच समजत नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की पाहुणा तिथे दीड तास बसेल आणि सिंकशी उभं राहणारं माणूस आठ तास उभं राहील. या जागेत सगळ्यात जास्त वेळ कोण राहणार आहे ते बघून ठरवा. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, खिडकी राहू दे म्हणाले.

मागच्या महिन्यात मी तिथे गेले होते. नेहमीसारखी मागच्या दाराने. दुपारची गर्दी ओसरली होती, सिंकशी काम करणाऱ्या मावशी खिडकी सताड उघडून हात पुसत उभ्या होत्या. मी विचारलं, पाणी कसं जातंय? त्यांनी पाण्याबद्दल सांगायच्या आधी खंड्याबद्दल सांगितलं. बोरूच्या त्या वाकलेल्या काडीवर रोज येऊन बसतो, साडेतीनच्या सुमाराला. मध्यंतरी तीन दिवस आला नव्हता. त्यांनी खाली जाऊन पाहिलं तर तळ्यावर तेलाचा तवंग. आचाऱ्याला सांगून ट्रॅप उपसायला लावला, दोन दिवसांत पाणी निवळलं, पाचव्या दिवशी पक्षी परत.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहून त्या काडीकडे बघत होतो.

"आज आला नाही अजून," मावशी म्हणाल्या आणि पदराला हात पुसत आतल्या दाराकडे वळल्या. "थांबा, ट्रॅप उघडून बघायला सांगते."